काळतोंडीचं पुनर्वसन

१ मार्च
आजपासून रोजनिशी. आधीच्या सगळ्या जानेवारीत सुरू केल्या म्हणून फेब्रुवारीत बंद पडल्या. मार्च हा निसर्गाचा खरा आरंभ.
संकल्प : सहाला उठणे. सॉसेज बंद. ‘लुब्लिन शहर आणि रानमाश्या’ हा ग्रंथ वर्षअखेर पुरा करणे. म्युझियमच्या कीटक विभागाचा प्रमुख (आणि एकमेव कर्मचारी) या नात्याने हे काम माझ्याशिवाय कुणी करू शकत नाही. इर्मीनाचं म्हणणं, करू शकत नाही असं नाही, कुणाला करायचं नसतं. बायको औषधांच्या दुकानात काम करते. तिला सगळं कडूच सुचतं.

४ मार्च
साडेनऊला उठलो. बाहेर बर्फाचा चिखल. अशा हवेत माश्यासुद्धा उठत नाहीत.
ग्रंथासाठी टिपण : घुबडघळ. शहराच्या पश्चिमेला पिवळ्या भुसभुशीत मातीची खोल घळ. यादविगाबाईंनी, म्हणजे माझ्या गुरूंनी, तरुणपणी इथे रानमाश्यांच्या नव्वदच्या वर जाती नोंदवल्या. तेव्हा घळीपर्यंत जायला घोडागाडी लागायची. मी त्यांचा विद्यार्थी झालो तोवर वस्ती जवळ आली होती आणि साठेक जाती उरल्या होत्या. मग रिंगरोड झाला, फर्निचरचं गोडाऊन झालं. गेल्या साली मला वीस मिळाल्या. (जास्तही मिळाल्या असत्या, पण बूट चावत होते.) या मधमाशीच्या रानटी बहिणी, पण मध देत नाहीत, पोळं करत नाहीत. एकेक मादी मातीत भोक पाडून एकटीने संसार करते. सगळ्यात दुर्मीळ ती काळ्या चेहऱ्याची. बाई तिला लाडाने काळतोंडी म्हणतात. जिल्ह्यात आता फक्त घुबडघळीच्या उन्हाकडच्या भिंतीत शिल्लक आहे.
टिपण फर्मास झालं. एवढं लिहिल्यावर विश्रांती हवीच. फ्रिजमध्ये सॉसेज उरलं होतं, वाया जाऊ नये म्हणून संपवलं.

७ मार्च
बिल्डर कोर्दासाहेबांनी बोलावलं. त्यांची ‘सोनेरी उतार’ ही वसाहत घुबडघळीवर होते आहे. इमारती जवळपास उभ्या आहेत, उरलेली घळ घ्यायची आहे. महापालिकेला निसर्ग-सल्लागाराची सही लागते. मी ताबडतोब नकार देणार होतो. पण त्यांनी मला ‘डॉक्टरसाहेब’ म्हटलं. चहाबरोबर खसखशीचा रोल होता. म्युझियममध्ये मला ‘ते किडेवाले’ म्हणतात आणि चहा स्वतः आणावा लागतो.
विचार केला. बाहेर उभं राहून विरोध कुणीही करेल. आत शिरून सूत्रं हातात घ्यायला हिंमत लागते. होकार दिला.
सल्लागाराला वसाहतीत टेरेसचा फ्लॅट सवलतीत मिळू शकेल असंही ते ओघात म्हणाले. टेरेसवरून निरीक्षण उत्तम होईल. निव्वळ शास्त्रीय दृष्टीने विचार करतो आहे.

८ मार्च
इर्मीनाला सांगितलं. ती बटाटे सोलत होती, सोलत राहिली. रात्री सूपमध्ये मीठ नव्हतं.

१० मार्च
यादविगाबाईंकडे गेलो. त्या आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. वय अठ्ठ्याऐंशी. पाय गेले, आता दृष्टीही पुरती गेली. रोजचं औषध-जेवण इर्मीनाच बघते. मी वैचारिक बाजू सांभाळतो. दृष्टी गेल्यापासून बोलताना आपल्याला चेहरा सांभाळावा लागत नाही. भेट फार आरामात होते.
त्यांनी कोर्दाच्या वसाहतीबद्दल ऐकलं होतं. म्हणाल्या, तू आहेस म्हणून मला झोप लागते. मे महिन्यात काळतोंडी बाहेर पडली की मला एकदा घळीत ने, दिसणार नाही पण आवाज ऐकीन, तिचा सूर वेगळा असतो. मी वचन दिलं. दर वर्षी देतोच.

१५ मार्च
कोर्दासाहेबांबरोबर साइटवर. भिंत नेमकी त्यांच्या पार्किंगच्या जागी येते. ते म्हणाले, मातीच आहे ना, उचलून बाजूला ठेवता नाही येणार?
रात्रभर डोक्यात तेच. भिंतीचे ठोकळे कापायचे, आतल्या झोपलेल्या माश्यांसकट उचलायचे आणि वसाहतीच्या बागेत पुन्हा रचायचे. रानमाश्यांचं पुनर्वसन! युरोपात कुणी केलेलं नसावं. (तपासलं नाही. तपासून उत्साह जातो.) कल्पना मुळात माझीच. कोर्दासाहेबांनी ती फक्त आधी बोलून दाखवली.

१७ मार्च
बाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, की समजा एखादी भिंत हलवली तर. त्या हसल्या. भिंत म्हणजे काय कपाट आहे का, म्हणाल्या. त्या मातीचं तोंड कुठे आहे, ऊन किती वाजता लागतं, पाणी कुठून निथळतं, हे सगळं मिळून भिंत होते.
जुन्या पिढीला नवं तंत्र पचत नाही. वाद घातला नाही. त्यांच्याकडचा चीजकेक मात्र छान होता. इर्मीनाने केला होता म्हणे. घरी कधी करत नाही.

२० मार्च
रिपोर्ट लिहिला. ‘ही या जातीची जिल्ह्यातली शेवटची वसाहत आहे’ या वाक्यात ‘शेवटची’ऐवजी ‘निवडक’ घालावं असं कोर्दासाहेबांनी सुचवलं. खरं तर ‘निवडक’ जास्त भारदस्त आहे. शेवटच्या रांगेत कुणीही बसतं, निवडक मंडळी वेगळी. ‘हलवणे शक्य नाही’ यातला ‘नाही’ टायपिंगमध्ये गळला. पुन्हा वाचलं तर वाक्य जास्त आशावादी वाटलं. तसंच ठेवलं.

२४ मार्च
महापालिकेत सुनावणी. घळ वाचवा म्हणून रहिवाशांचा अर्ज आला होता. सह्या कुठे गोळा झाल्या, तर औषधांच्या दुकानात. अर्जदारांच्या वतीने बोलायला कोण उठलं, तर इर्मीना. मला आधी कळवलंही नाही. चांगलं बोलली, आवाज जरा चढा होता. मग अध्यक्षांनी विचारलं की शास्त्राचं म्हणणं काय. शास्त्र म्हणजे मी. मी रिपोर्ट वाचून दाखवला. अर्ज फेटाळला.
घरी येताना ट्रॉलीबसमध्ये ती दुसऱ्या सीटवर बसली. दार उघडताना एकच वाक्य बोलली.
“तुझ्या किड्यांना कणा नसतो हे माहीत होतं, बोगुमिल. तो रोग माणसाला लागतो हे नव्हतं माहीत.”
शास्त्रीयदृष्ट्या तुलना चूक आहे. कीटकांना बाह्यकवच असतं. दाराबाहेरून तसं समजावून सांगितलं.

३० मार्च
ऐतिहासिक दिवस! नवी टोपी घातली.
मोठ्या करवतीने भिंत कापली. पहिला ठोकळा जाळीत बांधून क्रेनने उचलला. तो हवेत गेला आणि पिठाच्या फाटक्या पोत्यासारखा वाहून गेला. क्रेनवाला हसला. मी त्याला समजावलं की आकार गेला तरी वस्तुमान कायम आहे. दुसरा तसाच. तिसऱ्याला प्लॅस्टिक गुंडाळलं, तो ट्रकमध्ये बसला. दुपारपर्यंत चार ठोकळे धड पोचले. बाकीची भिंत भुगा होऊन इमारतीमागे ढिगात टाकली.
भुग्यात एक काळतोंडी सापडली. मातीच्या कुपीत मुटकुळं करून झोपलेली. फुंकर घातली तर पाय हलवले. बाईंना दाखवू म्हणून खिशात ठेवली. घरी येईपर्यंत चपटी झाली. खिशात किल्ल्या असतात हे लक्षात राहिलं नाही.
एकूण पुनर्वसन यशस्वी. कोर्दासाहेबांना तसा मेसेज केला. त्यांनी अंगठा पाठवला.

१९ एप्रिल
आठवडाभर पाऊस. बागेतले दोन ठोकळे बसले. बसले म्हणजे खाली बसले. मूळ भिंतीवर वरून झाडांची सावली आणि गवताचं छप्पर होतं, ते इथे नाही. छत्री लावता येईल का, विचारलं. माळी म्हणाला, लावा.
बाईंनी विचारलं, भिंतीजवळ कामं चालू नाहीत ना. मी म्हटलं, भिंतीजवळ आता काहीही चालू नाही. एकही शब्द खोटा नव्हता.

१६ मे
‘सोनेरी उतार’चं उद्‌घाटन. आजचा दिवस सविस्तर लिहितो.
बागेत माझे दोन ठोकळे, काचेत. समोर पाटी : ‘माश्यांचं घर’. माश्या नव्हत्या. पुनर्वसनात सुरुवातीला थोडी मरगळ येतेच. कोर्दासाहेबांना मात्र पाहुण्यांसमोर काहीतरी उडायला हवं होतं. त्यांनी मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवल्या. एकेका पेटीत हजारो. मी हळूच सांगितलं की यांनी सगळी फुलं चाटून नेली तर रानमाश्यांना काही उरणार नाही. ते म्हणाले, डॉक्टरसाहेब, माशी ती माशी, आणि ही मध तरी देते. पाहुण्यांना मध फार आवडला. मलाही.
तेवढ्यात फाटकातून इर्मीना आली. चाकाच्या खुर्चीत यादविगाबाई. अंगावर निळा कोट, गळ्यात रेशमी रुमाल. लग्नाला आल्यासारख्या. मी दर वर्षी वचन देतो आणि नेत नाही म्हणून इर्मीनाने परस्पर आणलं. बाईंना माहीत होतं की बाजूला वसाहत झाली. भिंत गेली हे माहीत नव्हतं. इर्मीनाने सांगितलं नव्हतं. तुझं तू सांग, म्हणाली, आणि खुर्ची ठोकळ्यांसमोर उभी केली.
बाईंनी विचारलं, आपण भिंतीपाशी आलो का. मी म्हटलं, हो. त्यांनी हात पुढे केला. काच लागली. मी म्हटलं, संरक्षणासाठी. त्या बराच वेळ कान देऊन बसल्या. मागे बँड वाजत होता. मग तळहात उघडून म्हणाल्या, एक धरून दे ना. ती चावत नाही.
आता काय करायचं? सगळे बघत होते. अशा वेळी सुचतं तोच खरा शास्त्रज्ञ. पेटीपाशी गेलो आणि मधमाशीचा एक नर पकडला. नराला डंख नसतो, काम नसतं, नुसता गुणगुणतो. तो त्यांच्या मुठीत दिला. त्यांनी मूठ कानाशी नेली. चेहरा अगदी शांत होता. मग मूठ उघडून त्याला सोडून दिलं आणि माझे आभार मानले.
म्हाताऱ्या माणसाला एवढा आनंद दिल्याचं समाधान फार मोठं. रात्री इर्मीनाला तसं म्हणालोही. ती भांडी घासत होती. म्हणाली, बाई लिफ्टमध्ये म्हणाल्या की बोगुमिल पहिल्यापासून काळजी घेणारा, मला चावू नये म्हणून नर शोधून आणला.
म्हणजे नक्की काय ते कळलं नाही. कौतुकच असावं.

११ जून
फ्लॅट मिळाला. टेरेसचे फ्लॅट संपले होते. तळमजल्यावरचा आहे, उत्तरेकडे तोंड असलेला, खिडकीसमोर भिंतीच्या भुग्याचा ढीग. सवलतही संपली होती. पण हवा चांगली. इर्मीना तूर्त जुन्या घरीच राहणार, बाईंची सोय म्हणून. तात्पुरतं. माझे हिवाळ्याचे कपडेही तिने आठवणीने बांधून दिले.

२२ जुलै
वसाहतीचा पहिला सर्व्हे. रानमाश्यांच्या जाती : चार. मधमाशी धरली तर पाच. धरली. दर आठवड्याला हिरवळ कापतात, फूल येण्याआधीच. माळ्याला सांगितलं, तर म्हणाला, रहिवाशांना फुलं चालतात, गवत चालत नाही. विटांच्या फटीत राहणाऱ्या एक-दोन जाती मजेत आहेत. मातीत राहणाऱ्यांना मात्र माती शिल्लक नाही. यावर ग्रंथात एक प्रकरण होईल. उद्यापासून.

५ ऑक्टोबर
‘सोनेरी उतार’ला माशीमित्र वसाहत म्हणून बक्षीस. कोर्दासाहेबांनी व्यासपीठावर माळ्याचे आभार मानले, बँडचे मानले. माझं नाव वेळेअभावी राहिलं असणार. हॉलच्या मागच्या बाजूला सूप चांगलं होतं.

१८ डिसेंबर
कोर्दासाहेब फोन उचलत नाहीत. सणाची गडबड.
इर्मीनाकडे नाताळला यावं का, विचारलं. ती म्हणाली, ये, बाईंनी बोलावलंय. तिने स्वतः बोलावलं की नाही ते विचारलं नाही. उगाच ताणू नये.

१ जानेवारी
नवी रोजनिशी. मार्चचा मुहूर्त फसवा निघाला. संकल्प तेच. अनुभवाने पक्के झालेले.

३ मे
तोंड न धुता लिहितो आहे.
सकाळी खिडकीशी दात घासत होतो. ढिगाच्या उन्हाच्या बाजूला काहीतरी उडालं. चष्मा लावला. काळा चेहरा, राखाडी पाठ, मागचे पाय परागांनी पिवळेधमक. ढिगातल्या एका भोकात शिरली. थोड्या वेळाने बाहेर आली, भोकासमोर हवेत दोनदा डोलली, उडून गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली.
काळतोंडी. एकच, पण जिवंत. कुणी टाकून दिलेल्या भुग्यात तिने घर काढलंय.
ब्रश तोंडात तसाच होता. किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. लिहायला हरकत नाही, रडलो.
इर्मीनाला फोन केला. ती म्हणाली, “हात लावू नकोस. कुणाला सांगू नकोस. रविवारी मी बाईंना गाडीतून घेऊन येते. ढिगाशी बसून त्यांना ऐकू दे.” किती दिवसांनी तिचा आवाज असा ऐकला. मी म्हटलं, अर्थात. हात लावायचा प्रश्नच नाही.

४ मे
शांत डोक्याने विचार केला. नुसतं ‘पाहिली’ म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? फोटो आज काय, कुणीही बनवतो. शास्त्राला नमुना लागतो. नमुना असला तर पुनर्वसन यशस्वी झाल्याचं सिद्ध होतं. कोर्दासाहेबांना फोन उचलावा लागतो, व्हिएन्नाच्या परिषदेत पेपर वाचता येतो, इर्मीनालाही कळतं की मी बरोबर होतो. शिवाय जिथे एक दिसते तिथे आणखी असतातच. तसं सगळ्या पुस्तकांत आहे.
जाळं काढून ठेवलं. फक्त काढून ठेवलं.

५ मे
मिळाली! पहिल्याच फटक्यात. वय झालं तरी हात तयार आहे. बाटलीत थोडा वेळ धडपडली, मग शांत. दुपारी टाचणीला लावली. पंख अखंड, रंग ताजा. बाईंच्या जुन्या पेटीतही इतका सुंदर नमुना नाही.
ढिगाकडे लक्ष ठेवलं. दुसरी दिसली नाही. ऊन कमी होतं.

७ मे, रविवार
इर्मीना येण्याआधी मीच बाईंकडे गेलो. ढिगाशी बसवून वाट बघायला लावण्यापेक्षा हातात देणं बरं. शिवाय मागच्या वेळी बँड होता, या वेळी अस्सल.
इर्मीना त्यांना निळा कोट घालत होती. मी डबी उघडून बाईंच्या मांडीवर ठेवली. सांगितलं की भिंत हलवली तेव्हा जी माती उरली तिच्यात ही वाढली, म्हणजे बघा. भिंत हलवली हे त्यांना मी आज पहिल्यांदा सांगितलं. यशाच्या बातमीत ते आपोआप बसून गेलं. इर्मीना कोटाची बाही धरून तशीच उभी राहिली.
बाईंनी करंगळीने नमुना चाचपला. चेहऱ्यावरून, पाठीवरून, मग फार हलकेच मागच्या पायांवरून. बोटाला पिवळं लागलं. बोट नाकाशी नेलं.
“अजून किती आहेत तिथे?” त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, भरपूर.
“हिच्या पायांवर पराग आहे, बोगुमिल.”
मी म्हटलं, हो, नमुना अप्रतिम आहे.
“घर अर्धं झालं होतं तिचं,” त्या म्हणाल्या. मग डबी माझ्या दिशेने सरकवली आणि इर्मीनाला कोट काढून ठेवायला सांगितलं. “आता जा तू. आणि पुन्हा येऊ नकोस. मला नुसत्या आवाजावरून माणूस ओळखता येतो, आणि तुझा आवाज मला आता ऐकायचा नाही.”
दार इर्मीनाने लावलं. आपटलं नाही. हळू लावलं, आजारी माणसाच्या खोलीचं लावतात तसं.
थकल्या असतील. पुढच्या आठवड्यात फुलं घेऊन जाईन.

१२ मे
रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत ढिगासमोर खुर्ची टाकून बसतो. म्युझियमला आजारी असल्याचं कळवलंय. आज कडक ऊन. छतावर हलवलेल्या पेट्यांतल्या मधमाश्या पाणी प्यायला खाली येतात, दर वेळी खुर्चीतून उठतो. ती नव्हे.
तिच्या भोकात सकाळी एक मुंगी शिरली. बाहेर आली तेव्हा तोंडात पिवळं काहीतरी होतं.

२० मे
फुलं घेऊन गेलो होतो. इर्मीनाने दारातच घेतली. बाईंना आत जाऊन सांगितलं नाही. बाई बऱ्या आहेत का विचारलं, म्हणाली, जेवतात. आपण कधी बोलायचं विचारलं, म्हणाली, बोललो की.
व्हिएन्नाच्या परिषदेला नमुन्याबद्दल लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं. एका नमुन्यावरून जात टिकून राहिल्याचं सिद्ध होत नाही, फक्त एक होती एवढं सिद्ध होतं. भाषा जरा उद्धट वाटली.

३० मे
तिचा हंगाम संपत आला. ढिगाच्या चारी बाजूंनी बघितलं. गुडघ्यावर बसून एकेक भोक बघितलं. पाच-सहा जुनी, पावसाने बुजलेली. एक ताजं, अर्धवट.
दुपारी कोर्दासाहेबांचा सुपरवायझर आला. मागे बुलडोझर. ढीग सपाट करून पार्किंग वाढवायचंय. कागदोपत्री निसर्ग-सल्लागार अजून मीच असल्यामुळे माझं म्हणणं नोंदवणं त्याला भाग होतं. पेन काढून त्याने विचारलं, साहेब, या ढिगात काही राहतं का?
मी म्हटलं, नाही.
या वेळी खरंच नव्हतं.